चार हजारांच्या वर

"माझे शिंपले कुठे गेले?" मावशींनी विचारलं आणि हेडफोन काढून ते उलटसुलट करून बघितले, शिंपले त्यातच कुठे अडकलेत की काय असे. मी म्हटलं, "आहेत की मावशी, वाद्यावरच आहेत." वाद्य त्यांच्या मांडीवरच होतं; आमच्या स्टुडिओत त्या तेच वाजवायला आल्या होत्या. वाळक्या भोपळ्याच्या पोकळीत बसवलेली वीतभर रुंद लाकडी फळी, फळीवर बावीस लोखंडी पट्ट्या, त्या अंगठ्यांनी दाबून सोडायच्या. खालच्या कडेला तारेत ओवलेले लहान लहान शिंपले, पट्टी वाजली की थरथरणारे. "दिसतायत गं ते," मावशी म्हणाल्या. "वाजत कुठायत?" मग मला कळलं. मी म्हटलं, तो खरखराट मी काढला, आता सूर स्वच्छ झालेत. मी हे अभिमानाने म्हटलं, कारण त्या सात मिनिटांच्या गाण्यावर मी तीन दिवस खर्च केले होते. "स्वच्छ," त्या म्हणाल्या. "म्हणजे घरातली भांडीकुंडी, पोरंबाळं सगळं बाहेर काढायचं, फरशी पुसायची, आणि म्हणायचं, या, घर बघा." मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणून मी त्यांचं मूळ रेकॉर्डिंग शोधून लावलं, हात न लावलेलं. पहिल्या पाच सेकंदांत त्यांचा चेहरा उजळला. हेडफोनचा एक कान माझ्या कानाला लावत त्या म्हणाल्या, "हे बघ! हे! आता ऐकू येतोय ना फरक?" मी मान हलवली. मग पुन्हा साफ केलेलं लावलं, पुन्हा मूळ, पुन्हा साफ केलेलं. दोन्हींत मला काहीही फरक ऐकू आला नाही.

काकांना विचारून सांगते, असं काहीतरी बोलून मी त्यांना दारापर्यंत पोचवलं. काका म्हणजे स्टुडिओचे मालक, इथले ध्वनिमुद्रक, आणि हे काम शिकवणारे माझे गुरू. ते पलीकडच्या खोलीत तारा गुंडाळत बसले होते. मी त्यांना काही विचारलं नाही. परत येऊन पडद्यासमोर बसले. पडद्यावर आवाजाचं चित्र असतं: डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो, खालून वर स्वर चढतो आणि आवाज जितका मोठा तितका रंग उजळ. मावशींचं चित्र मी आता वेगळ्या नजरेने बघू लागले. खाली पट्ट्यांचे सूर, जाड, नारिंगी, एकावर एक ठेवलेल्या फळ्यांसारखे. वर, चार हजार हर्ट्झपासून दहा हजारांपर्यंत, प्रत्येक सुराबरोबर उठणारा बारीक निळसर धुरळा. मी पुसला होता तो हा. आमच्याकडे एक कुंचला आहे, माऊसने फिरवायचा. जिथे फिरवाल तिथला आवाज नाहीसा होतो. मी तो तीन दिवस फिरवला होता, आणि त्या तीन दिवसांत एकदाही, हे आता नीट आठवून सांगते, एकदाही डोळे मिटून ऐकलं नव्हतं.

म्हणजे मी फसवत होते असं नाही. दोन वर्षांपूर्वी, पदार्थविज्ञानातली पदवी घेऊन मी इथे नोकरी मागायला आले, तेव्हा काकांनी मला एक रेकॉर्डिंग ऐकवलं आणि विचारलं, काही खटकतंय का? समोर चित्र होतं. त्यात सहा हजारांपाशी एक सरळ पातळ रेघ होती. मी म्हटलं, सहा हजारांपाशी काहीतरी आहे. काकांनी टेबलावर थाप मारली. "बास! हेच मला ऐकू येत नाही गं आता. साठी उलटली, वरचे सूर गेले. मला तरुण कान हवे होते." तेव्हापासून माझं नाव सायन्स पडलं. "ए सायन्स, जरा वरचं ऐकून सांग." आणि मी ऐकून सांगत असे. मला खरंच वाटायचं की मी ऐकते आहे. रेघ दिसली की ती डोक्यात कुठेतरी वाजायची. आपण वाचताना शब्द मनातल्या मनात वाजतात, तशी. सगळ्यांचं ऐकणं असंच असतं अशी माझी समजूत होती. नसेल असं वाटायला कारणच काय? दुसऱ्याच्या कानात जाऊन बघायची सोय नाही. आता समोर एक साधा प्रश्न होता, आणि साध्या प्रश्नाला साधा प्रयोग पुरतो. चित्र झाकायचं आणि मोजायचं. मला भीती वाटायला हवी होती. ती दुसऱ्या दिवशी वाटली. त्या संध्याकाळी घरी जाताना मात्र मला प्रयोग कसा मांडायचा याचीच घाई झाली होती.

आई दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे, गेली सव्वीस वर्षं. ती घरी येऊन पाय पसरून बसली होती. मी म्हटलं, दहा मिनिटं बस माझ्याबरोबर, हे बटण दाबायचं, मी पाठ करून बसते, मला ऐकू आलं की मी बोट वर करते. "आणि मला काय मिळणार?" ती म्हणाली, पण बसली. एक हजार, बोट वर. दोन हजार, वर. तीन. साडेतीन हजार, जरा बारीक, पण वर. मग बराच वेळ काहीच नाही. मी म्हटलं, "दाब की." "दाबलंय." "नीट दाब." "अगं नीटच दाबलंय, कान किटले माझे!" मी वळून बघितलं. पडद्यावर चार हजार पाचशे होतं, आवाजाचा पट्टा अर्ध्याच्या वर होता, आणि आई डोळे बारीक करून बसली होती, कुणी तोंडावर उजेड मारावा तशी. मी म्हटलं, पुढे जा. सहा हजार. आठ हजार. "बंद कर बाई ते," आई म्हणाली, "घरी आल्यावर तरी ड्रिल नको." माझ्या खोलीत, माझ्या पाठीमागे, चोपन्न वर्षांच्या बाईला असह्य होईल इतक्या मोठ्याने काहीतरी चाललं होतं, आणि मला ऐकू येत होता तो शेजारच्या बाथरूममधला गळका नळ. इतकं विचित्र मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. मी तिला आणखी तीनदा करायला लावलं. चार हजारांपाशी जणू भिंत होती. अलीकडे सगळं, पलीकडे काहीही नाही.

आईला ते विचित्र वाटलं नाही, तिला तो आरोप वाटला. "लहानपणी तुला तो ताप आला होता," ती म्हणाली. "आठ दिवस इंजेक्शनं चालू होती. मी तेव्हा डॉक्टरांना विचारलं होतं, कशाची म्हणून; काही इंजेक्शनांनी कान जातात म्हणतात. पण तू बरी झालीस. हाक मारली की यायचीस." मी म्हटलं, "तुझा आवाज खालचा आहे ना." "म्हणजे?" "अगं, हर्ट्झमध्ये." तिने उशी फेकून मारली. मग उठली आणि कानाच्या डॉक्टरकडे फोन करून वेळ घेतली, पुढच्या आठवड्याची. फोनवर ती "माझी मुलगी" म्हणत होती तेव्हा तिचा आवाज कापला, तेवढं मला ऐकू आलं. कापणं खालच्या सुरांत असतं.

ड्रिल म्हटल्यावर मला आईच्या दवाखान्यातली बाहेरची खोली आठवली. शाळा सुटली की मी तिथे बसून गृहपाठ करायची. हिरव्या रेक्झिनची बाकं, माशांच्या टाकीत मासे नाहीत, नुसते बुडबुडे. आतून दार लागलं की बाहेरची पोरं आयांना घट्ट धरायची, काही जण भोकाड पसरायची, मोठी माणसंसुद्धा पाय हलवायला लागायची. मी गणितं सोडवत असायची. डॉक्टर बाहेर येऊन सगळ्यांना दाखवायचे, "बघा ही, केवढीशी आहे, आणि केवढी धीट!" त्या धीटपणावर मी पुढे बरंच काही उभं केलं. धीट मुलगी वर्गात पहिल्या बाकावर बसते (मागून बाईंचं बोलणं नीट लागत नसे), धीट मुलगी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे थेट बघते, धीट मुलगी प्रयोगशाळेत सगळे कानांवर हात ठेवतात तेव्हा शांतपणे आकडे लिहून घेते. कॉलेजात माझी एकाग्रता प्रसिद्ध होती. आता ही सगळी यादी तपासायला घेतली तर तिच्यातलं माझं किती आणि या भिंतीचं किती? मी खरंच धीट आहे का, हे मला आता कुठून कळणार? त्या बाहेरच्या खोलीत आतमध्ये जे वाजत होतं ते मी ऐकलंच नव्हतं. सगळे कशाला घाबरतात हेच ज्याला माहीत नाही, त्याचं न घाबरणं मोजायचं कसं? आणि रातकिडे. पुस्तकांत असायचं, रातकिड्यांची किरकिर चालू होती. मला वाटायचं की ही लेखकांची शांतता म्हणायची एक पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी मी, मावशींचं गाणं ज्यात आहे त्या अल्बमची सगळी गाणी पुन्हा काढली. अल्बम एका रॉक बँडचा आहे. बँडचा गिटारवाला, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, सहा वर्षं याच्या मागे होता. गिटार, ड्रम आणि गाणं त्यांचं. प्रत्येक गाण्यात एक पाहुणा, कुठून कुठून शोधून आणलेला. एकात बोरूची लांब बासरी, एकात घोड्याच्या केसांच्या दोन तारांचं गजाने वाजवायचं वाद्य, एकात कडेला पितळी चकत्या लावलेला हातडफ, शेवटच्यात मावशी. ड्रमवाला म्हणायचा, "नऊ गाणी, नऊ देश, आणि व्हिसा एकालाही नाही." मी ते हसून सोडून दिलं होतं. आता एकेक चित्र उघडून आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी ठेवलं, आणि मी काय काय पुसलंय ते लिहून काढत गेले. बासरीतला श्वास. गज तारेवर टेकतो त्या क्षणाची खरड. पितळी चकत्या जवळजवळ पूर्ण. शिंपले. प्रत्येक ठिकाणी मी कारणही लिहून ठेवलं होतं, स्वच्छ अक्षरात: खरखर, गळती, घर्षण, बहुधा माइकचा दोष.

पियानोची सगळ्यात उजवीकडची पट्टी चार हजार एकशे शहाऐंशीला वाजते. म्हणजे माणसाने मांडलेले जवळपास सगळे सूर माझ्या भिंतीच्या अलीकडे आहेत. गाणं मला कळतं. बेसूर झालेलं मला काकांच्या आधी कळतं. माझ्याकडे नाही ते एवढंच: सूर लाकडातून येतोय, लोखंडातून की कुणाच्या फुप्फुसातून. हे मला पाठ्यपुस्तकातून माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, की वाद्याची ओळख वरच्या पटीतल्या कंपनांत असते. आणि या अल्बममधलं मला सगळ्यात काय आवडलं होतं? दोन महिन्यांपूर्वी दादाने विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, किती छान मिसळलीयत वाद्यं, कोण कुठलं कळतच नाही. दादाने मला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली होती. "हेच! हेच मला हवं होतं, एकजीव!" ती मिसळली नव्हती. मी त्यांना माझ्यासारखी करून टाकली होती. आणि अल्बम लगेच पुढच्या दिवशी दुपारी तबकड्या छापायला जायचा होता.

उरलेला दिवस मी काहीही न करता काढला. काका दोनदा येऊन गेले. "झालं का सायन्स? वरचं सगळं ठीक?" मी दोनदा हो म्हटलं. दुसऱ्यांदा हो म्हणताना मला भीती काय असते ते कळलं. एकीकडे मला त्याचंही नवल वाटलं, की ही खरीच आहे, हिला कानाची गरज लागत नाही. गप्प बसणं अगदी सोपं होतं. मावशींशिवाय कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण ड्रमच्या झांजा आणि गिटारचा कर्कशपणा तो वरचा प्रदेश भरून टाकतात. भोक दिसत नाही. मावशी आपल्या गावी परत गेल्या असत्या. मी पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन आले असते, मग हळूच दुसरं काम शोधलं असतं, किंवा शोधलंही नसतं. चित्र बघून काम करता येतं, दोन वर्षं केलंच होतं. आणि हे काम गेलं तर मला दुसरं काही नको होतं. त्या खोलीतला वायरींचा वास, दार लावल्यावर कानांवर बसणारी ती जाड शांतता, एखाद्याचं गाणं शंभर वेळा ऐकून त्याच्या श्वासाच्या जागा पाठ होणं. श्वासाच्या जागा म्हणते आहे मी. त्या मी बघितल्या होत्या.

सकाळी काका चहा घेऊन आले तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, "काका, मला चार हजारांच्या वर ऐकू येत नाही." ते म्हणाले, "स्पीकर बघू का?" "स्पीकर ठीक आहेत. मला येत नाही. आईबरोबर मोजलं, चारदा." त्यांनी कप खाली ठेवला. "कधी मोजलंस?" "परवा." "परवा! मग काल दिवसभर काय करत होतीस?" "घाबरत होते." ते खुर्चीत बसले. पडद्याकडे वळले. पडद्यावर मावशींचं गाणं होतं, वरचा अर्धा भाग काळाभोर. म्हणाले, "मला येत नाही म्हणून मी तुला ठेवलं." "हो." "आणि तुला येत नाही." "हो." "मग दोन वर्षं या स्टुडिओत वरचं ऐकत कोण होतं?" आम्ही दोघं तिथे बसून त्या प्रश्नाकडे बघत राहिलो. एक माणूस दुसऱ्याच्या कानांवर विसंबून, दुसरा पडद्यावर, आणि पडद्याला तर कान नसतातच. काकांना अचानक हसू आलं, मग ते थांबलं आणि ते चिडले. "लोकांना मी सांगत फिरतो, आमच्या सायन्सचे कान म्हणजे सोनं!" "मला माहीत नव्हतं काका." "ते कळतंय मला. म्हणून तर ओरडता येत नाहीये." त्यांनी फोन उचलला, दादाला सांगितलं, आज काही जात नाही, सगळे इकडे या, मावशींना घेऊन या. दादा फोनवर किंचाळला असावा, कारण काकांनी फोन कानापासून लांब धरला. मला त्यातलं फारसं ऐकू आलं नाही. फोन ठेवून ते म्हणाले, "साफसफाई तुझ्याकडे नाही आता." मी म्हटलं, हो. "बाकीचं डॉक्टर काय म्हणतात ते बघून." मी म्हटलं, हो. ते मधल्या खुर्चीवरची फाइल उचलू लागले. "मूळ रेकॉर्डिंगं आहेत ना सगळी?" ती होती. ती मी कधीच टाकत नाही. ही सवय मात्र नक्की माझी आहे.

अकराच्या सुमारास सगळे आले. दादाचे केस ओले होते. मी त्याला स्वतः सांगितलं, काकांना सांगू दिलं नाही. तो म्हणाला, "पण मला ते आवडलं होतं." मलाही आवडलं होतं. मावशींना काकांनी मधल्या खुर्चीवर बसवलं, चित्राकडे पाठ करून. मी साफ केलेल्या आवाजाच्या शेजारी मूळ आवाजातला फक्त चार हजारांच्या वरचा भाग ठेवला आणि त्याचा आवाज वाढवायची सरकपट्टी अगदी खालून हळूहळू वर सरकवायला लागले. "बस म्हणा मावशी, पुरेसं झालं की." ड्रम, गिटार, मग मावशींची फळी. मी पट्टी सरकवत होते. माझ्यासाठी खोलीत काहीही बदलत नव्हतं, पट्टीचा गुळगुळीतपणा तेवढा बोटाखाली. "अजून," मावशी म्हणाल्या. "अजून. भितेस काय? अजून." मला थांबावंसं वाटलं, आकडा मला फार मोठा वाटत होता. "बस," त्या म्हणाल्या, आणि मी हात उचलला.

मी सगळ्यांकडे बघितलं. मावशी अंगठे हवेत हलवत होत्या. ड्रमवाला मोठ्याने हसला, एकदाच, कुणी अचानक गुदगुल्या केल्यासारखा, आणि म्हणाला, "आयला, ही बाई खोलीत आहे!" दादाच्या कपाळावर आठ्या होत्या. "माझ्या गिटारशी भांडतंय ते," तो म्हणाला. "भांडू दे की," मावशी म्हणाल्या. "पाहुण्याने काय गप्पच बसायचं?" दादाने थांबवायला सांगितलं नाही, तो पुढे वाकला, कोपरं गुडघ्यांवर ठेवली आणि ऐकायला लागला, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा. काय बदललं असेल? माणसाचा चेहरा असा उघडतो म्हणजे नेमकं काय येत असेल आत? मी एकेका चेहऱ्याकडे बघत होते आणि मला इतकं कुतूहल वाटत होतं की नोकरीचं, डॉक्टरचं, सगळ्याचं भान सुटलं होतं. मग मला जाणवलं की कुणीतरी माझ्याकडे बघतंय. काका. सगळ्यांच्या डोक्यांवरून, खोलीच्या पलीकडच्या टोकावरून. त्यांनाही काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय झालं?

मी खांदे उडवले, आकडा कागदावर लिहून ठेवला, आणि गाणं संपल्यावर, कुणी सांगितलं नसताना, पुन्हा सुरुवातीपासून लावलं.